नकली मोती आणि खरा मालधक्का

ज्यूल व्हर्न जन्मात कधी भारतात आला नाही. तरीही 1873 साली पुस्तकरूपाने आलेल्या 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा' या कादंबरीत त्याने आपली गाडी भर दुपारी साडेबाराला बऱ्हाणपूर स्टेशनात आणून उभी केली. फिलिआस फॉगचा नोकर पासपार्तू तेवढ्यात खाली उतरतो, नकली मोती जडवलेल्या देशी सपाता विकत घेतो, ऐटीत पायात चढवतो आणि गाडी असीरगडच्या दिशेने सुटते. स्टेशनच्या इमारतीबद्दल व्हर्नने अवाक्षर लिहिलेलं नाही. फलाट कसा होता, छप्पर कौलांचं की पत्र्याचं, इंजिनाला पाणी कुठे मिळायचं, काही नाही. जगप्रसिद्ध कादंबरीत बऱ्हाणपूर स्टेशनच्या वाट्याला आला तो एक चपलांचा जोड.

व्हर्नने जे सोडलं, नेमकं तेच काही माणसांना लागतं. दहा बाय बाराच्या खोलीत फळीवर रूळ टाकून छोट्या गाड्या पळवणारी ही जमात. तिच्यातले बरेच जण इंजिनापाशी थांबतात. काही मात्र एका टप्प्यावर इंजिनाकडे पाठ फिरवतात आणि पाण्याच्या टाकीला शिड्या किती, सिग्नल केबिनच्या खिडकीला तावदानं किती, मालधक्क्याच्या पत्र्याला पन्हळी किती, यात बुडून जातात. या प्रकरणात त्यांचीच गोष्ट आहे, आणि ती बऱ्हाणपूरच्या यार्डाच्या आधाराने सांगायची आहे.

बऱ्हाणपूर निवडायला कारण आहे. मुंबईहून निघालेली जुनी ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी, रेल्वे भुसावळला फुटते. एक फाटा नागपूरकडे जातो, दुसरा सावदा, निंभोरा, रावेर, वाघोडा करत बऱ्हाणपुरावरून खांडव्याकडे. हाच दुसरा फाटा 1870 मध्ये जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेच्या रुळांना भिडला आणि मुंबई-कलकत्ता सलग प्रवास सुरू झाला. व्हर्नची सगळी कथा त्या बातमीवर उभी आहे. स्टेशन शहराच्या लालबाग भागात आहे, ताप्ती मिलच्या अंगणात म्हणावं इतकं जवळ. आजूबाजूला केळीची शेती आणि यंत्रमागांची खडखड. बहादरपूर हे याच बऱ्हाणपूरजवळचं गाव. तिथल्या एखाद्या घरात कुणी टेबलावर हे यार्ड उभं करायचं ठरवलं, तर त्याला काय काय करावं लागेल?

पहिला धक्का रूळच देतात.

मॉडेल रेल्वेत जगभर सर्वांत जास्त चालतं ते एचओ नावाचं प्रमाण. खऱ्या वस्तूचे 87 भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे मॉडेल. एचओचे तयार रूळ 16.5 मिलिमीटर अंतरावर असतात. 16.5 ला 87 ने गुणलं की 1435 मिलिमीटर येतात, आणि तो झाला युरोप-अमेरिकेचा गेज. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची. ती 1:87 मध्ये आणायची तर रूळ 19.3 मिलिमीटरवर हवेत, आणि तसे रूळ दुकानात मिळत नाहीत. म्हणजे हौशी माणसाने कितीही देशी डबे रंगवले, त्यांच्यावर 'मध्य रेल्वे' लिहिलं, तरी त्याची गाडी धावते ती जर्मन रुळावर. पाऊण इंचाच्या आतल्या जागेत तीन मिलिमीटरचा हा फरक सहज डोळ्यांवर येत नाही. गाडी जराशी उंचाडी, पाय जवळ घेतल्यासारखी दिसते, इतकंच. काही कडक लोक स्वतः रूळ ठोकतात. बाकीचे मनाशी तडजोड करतात.

नॅरोगेजवाले या बाबतीत नशीबवान. पाचोरा-जामनेर मार्ग, ज्याला खान्देशात नुसतं 'पीजे' म्हणत, तो 762 मिलिमीटरचा होता. त्याला 87 ने भागलं की 8.76 येतात, आणि 9 मिलिमीटरचे रूळ एन प्रमाणाच्या गाड्यांसाठी तयार मिळतात. मूर्तिजापूर-यवतमाळ-अचलपूरच्या शकुंतलेलाही तेच लागू. पहिल्यांदा हात घालणाऱ्याने पीजेवरचं एखादं चिमुकलं स्टेशन घ्यावं. दोन रूळ, एक टाकी, एक खोली. हात बसला की मग बऱ्हाणपूर.

दुसरा धक्का लांबीचा. कोळशाच्या बॉक्सएन वॅगनची लांबी कपलिंगसकट 10.7 मीटर. अशा 58 वॅगनांची एक रॅक 621 मीटर भरते. तिला 87 ने भागा. सात मीटरांहून थोडं जास्त. इंजिन आणि गार्डाचा डबा अजून जोडलेलाच नाही. दहा बाय बारा फुटांच्या खोलीचा कर्ण पावणेपाच मीटर. सांध्यांचंही, म्हणजे एका रुळातून दुसरा रूळ फुटतो त्या जागांचंही, तसंच. मुख्य मार्गावरचा, एकास बाराच्या कोनाचा सांधा सुमारे 40 मीटर जागा खातो, म्हणजे मॉडेलमध्ये 46 सेंटिमीटर, आणि दुकानातला तयार सांधा त्याच्या निम्म्यात आटोपलेला असतो. खरं यार्ड जसंच्या तसं कुणालाच बांधता येत नाही. श्रीमंतांनाही नाही.

मग गाडी दहा वॅगनांची होते, सहा रुळांचे तीन होतात. रुळांचं अंतर खोटं, लांबी खोटी, वळणं तर साफ खोटी, कारण एवढ्या आवळलेल्या वळणावर खरी गाडी रुळावर टिकणारच नाही. यातून उरतं काय? इमारती. टाकी, केबिन, मालधक्का, गँगमनच्या खोल्या, फाटकावरची चौकी. या गोष्टी मुळातच आटोपशीर असतात, आणि प्रमाणात आणल्या तर तळहाताएवढ्या होतात. दहा मीटरची केबिन साडेअकरा सेंटिमीटरची होते. ती तंतोतंत करता येते, विटेला वीट लावून. पाहणाऱ्याला जागा ओळखू येते तीही त्यांच्यावरूनच. इंजिन तर तेच इटारसीला दिसेल आणि तेच मनमाडला.

आणि याच वस्तू दुकानात मिळत नाहीत.

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्यूटेनबाख गावी फालर बंधूंनी 1946 मध्ये मॉडेल इमारतींचा धंदा सुरू केला. त्यांच्या खोक्यातून लाकडी चौकटींची घरं, टोकदार मनोऱ्यांची चर्चं, बर्फासाठी उतरत्या छपरांची स्टेशनं निघतात. एकेक तुकडा सुबक. पण मालधक्क्याशेजारी असलं घर ठेवलं की बऱ्हाणपूरचं बव्हेरिया होतं. ब्रिटिश संच थोडे जवळचे वाटतात, कारण जीआयपीचे अभियंते त्याच मातीतले. पण त्यांच्या स्टेशनांना धुराडी असतात, शेकोटीसाठी. आपल्याकडच्या फलाटावर धुराड्याच्या जागी माठ हवेत.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. 1 एप्रिल 1998 रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. भाऊसाहेबांनी आधी फिरतं मॉडेल तयार करून त्याची प्रदर्शनं भरवली होती, आणि मग कायमची जागा घेऊन एक अख्खं शहर वसवलं. संगणकावर चालणाऱ्या गाड्या, सिग्नल, उड्डाणपूल, रोपवे, तरणतलाव, सर्कशीचा तंबू, मोटारीत बसून सिनेमा पाहायचं मैदान. दिवस मावळतो, दिवे लागतात, आणि गाड्या धावत राहतात. पुण्यातल्या किती मुलांनी तिथे पहिल्यांदा सेमाफोर सिग्नलचा हात खाली पडताना पाहिला असेल! मात्र ते कल्पनेतलं शहर आहे. त्याची गंमत जत्रेची आहे. एक ठरावीक जागा उचलून तशीच टेबलावर ठेवणं हा वेगळा उद्योग, आणि तो सुरू होतो टेप आणि वही घेऊन.

या उद्योगाचा मोठा गुरू इंग्लंडमध्ये होऊन गेला. रॉय इंग्लंड हा मूळचा ऑस्ट्रेलियन तरुण 1925 मध्ये तिकडे आला. ऑक्सफर्डशरच्या बाजूची जुनी खेडी डोळ्यांसमोर बदलत होती, गवती छपरांच्या जागी नवी येत होती. ती सगळी एकट्याने वाचवणं शक्य नव्हतं. म्हणून त्याने ती मोजायला आणि पुठ्ठ्यात उतरवायला घेतली. लाँग विटनम गावातलं पेंडन संग्रहालय त्यातून 1954 मध्ये जन्मलं. तिथल्या घरांचं प्रमाण फुटाला चार मिलिमीटर, आणि परसातली भाजीसुद्धा एकेक करून लावलेली.

रॉय इंग्लंडच्या पद्धतीने बऱ्हाणपूरला पाहायचं तर घाई करायला हवी. वाफेच्या इंजिनांसोबत त्यांचा सगळा संसार गेला. भारतात ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी 1995 च्या डिसेंबरात थांबली. पाणी भरायचे खांब, राख पाडायचे खड्डे, कोळशाचे ओटे निकामी झाले आणि हळूहळू भंगारात गेले. 1980 च्या दशकापासून रेल्वेने सुटे वॅगन जोडत-तोडत नेण्याऐवजी एकाच मालाची आख्खी रॅक थेट मुक्कामी न्यायला सुरुवात केली, त्यामुळे मार्शलिंग यार्डांची वर्दळ ओसरली. खटके ओढायच्या केबिनींच्या जागी बटणांचे पॅनेल आले. खांडवा-अकोला मीटरगेज, जिच्यावर धूळघाटला रूळ गोल फिरून स्वतःलाच ओलांडत, ती 2017 च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी बंद झाली.

मोजायचं कसं? रुळांत उतरून टेप धरता येत नाही. विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा 1989 च्या रेल्वे कायद्याच्या 147 व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि त्याहून मोठा धोका मागून येणाऱ्या गाडीचा. पण फलाटावर उभं राहूनही पुष्कळ मोजता येतं. युक्ती जुनी आहे: विटा मोजायच्या. नऊ इंची विटेचा एक थर चुन्यासकट जवळपास तीन इंच. चार थर म्हणजे फूट. खिडकीच्या उंबऱ्याखाली चौदा थर असले की उंबरा साडेतीन फुटांवर. फलाटाची उंचीही मदतीला येते. उंच प्रवासी फलाट रुळांपासून 760 ते 840 मिलिमीटरवर असतो. मालधक्का त्याहून उंच, 1065 मिलिमीटरपर्यंत, कारण हमालाने पोतं घेऊन थेट वॅगनमध्ये पाय टाकायचा असतो. मॉडेलमध्ये हा फरक जेमतेम अडीच मिलिमीटरचा. नवशिके दोन्ही एकाच पट्टीने कापतात, आणि मग मालधक्का नुसता ओसाड फलाट वाटतो.

आता प्रत्यक्ष काम. एकच वास्तू घेऊ, मालधक्क्याची शेड, कारण तिच्यात सगळ्या अडचणी एकदम भेटतात.

भिंतीपासून सुरुवात. जुन्या रेल्वे इमारतींच्या भिंती जाड, दीड फुटाच्याही सापडतात. 1:87 मध्ये दीड फूट म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. एवढ्या जाडीचा पुठ्ठा कापताना हात दुखतो, म्हणून बहुतेक जण दोन मिलिमीटरवर भागवतात आणि तिथेच फसतात. इमारतीचं वजन डोळ्यांना कळतं ते खिडकीच्या खोलीवरून. तावदान भिंतीत आत बसलेलं दिसलं की दगडाची भिंत वाटते. बाहेरच्या अंगाला चिकटलेलं दिसलं की खोकं वाटतं. उपाय सोपा आहे. सगळी भिंत जाड करायची गरज नाही, फक्त दारं-खिडक्यांच्या कडेने आतून पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावायच्या. पुठ्ठा म्हणून लग्नपत्रिका उत्तम. मराठी घरात त्यांचा तुटवडा कधीच नसतो, आणि हल्लीच्या पत्रिकांचा कागद तर भिंतीलाही लाजवेल असा. गणपती आणि सोनेरी वेलबुट्टी आतल्या बाजूला गेली की झालं.

विटा कोरायच्या तर तीन इंचांचा थर 0.88 मिलिमीटरचा होतो. चार मीटर उंच भिंतीवर बावन्न आडव्या रेघा, भिंत साडेचार सेंटिमीटर उंच. संपलेल्या बॉलपेनचं टोक दाबून त्या ओढायच्या. उभे सांधे एकाआड एक थरात अर्ध्या विटेने सरकवायचे. हे काम एका बैठकीत करू नये. शंभरेक विटांनंतर हात आपोआप तिरपा होतो, आणि तिरपी वीट रंगवल्यावर जास्तच ओरडते. काळ्या दगडाची भिंत असेल तर उलट बेशिस्त हवी. थर सरळ, पण दगडांच्या लांब्या कमीजास्त.

मग छप्पर, आणि इथे बहादरपूरच्या माणसाला जर्मनीतल्या माणसापेक्षा वरचढ सोय आहे. मालधक्क्यावर पन्हळी पत्रा. आपल्याकडच्या पन्हळी पत्र्यात दोन पन्हळींमधलं अंतर 75 मिलिमीटर असतं, म्हणजे मॉडेलमध्ये 0.86. एवढी बारीक पन्हळ पाडायची कशावर? बरेच जण बोल्टच्या आट्यांवर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल दाबतात. पाच मिलिमीटरच्या बोल्टचे आटे 0.8 मिलिमीटरवर असतात. चालतं, पण बोल्ट गोल असल्यामुळे एका वेळी बोटभर पट्टीच निघते. बऱ्हाणपूर परिसरात यंत्रमागांची मोडकी फणी भंगारात सापडते. फणी म्हणजे ताण्याचे धागे वेगळे ठेवणारी, बारीक पोलादी पात्यांची चौकट. तिचा नंबर म्हणजे दोन इंचांत किती घरं ते. साठ नंबरच्या फणीत दोन इंचांत साठ घरं, म्हणजे एक घर 0.847 मिलिमीटरचं. 87 ने गुणा. 73.7 मिलिमीटर. खऱ्या पत्र्यापासून दीड मिलिमीटरचासुद्धा फरक नाही. फणी आडवी ठेवायची, वर फॉइल, आणि खोडरबराच्या कडेने एकाच दिशेने ओढत जायचं. हातभर पत्रा एका दमात तयार. साडी विणणाऱ्या यंत्राचा सुटा भाग आणि रेल्वेच्या गोदामाचं छप्पर यांचा हा मेळ कुणी ठरवून घातलेला नाही, पण इतका नेमका बसतो की मौज वाटते.

फॉइलचे सलग तुकडे मात्र लावू नयेत. खरा पत्रा आठ-दहा फुटी असतो, म्हणून पावणेतीन ते साडेतीन सेंटिमीटरच्या पट्ट्या कापायच्या, एकीची कड दुसरीवर चढवायची. दोन-चार पट्ट्या नव्या, चकचकीत ठेवायच्या, एक वाकडी. दुरुस्ती झालेली दिसली पाहिजे.

प्रवासी इमारतीला कौलं हवीत. मंगळुरी कौल, ज्याचा कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला काढला, मॉडेलमध्ये साधारण पावणेपाच मिलिमीटर लांब होतं. एकेक कौल कापायचा मोह होतो. तो आवरावा. कागदाच्या पट्टीच्या एका कडेला कातरीने दाते पाडायचे आणि पट्ट्या खालून वर चढवत न्यायच्या. कौलारूकाम करणारा गवंडीही खालूनच सुरू करतो.

पाण्याची टाकी हा यार्डाचा कळस. अनेक स्टेशनांवर दाबून तयार केलेल्या चौकोनी पोलादी पत्र्यांची, नटबोल्टांनी जोडलेली टाकी दिसते. एक पत्रा चार फूट बाय चार फूट, मॉडेलमध्ये चौदा मिलिमीटर. ही रचना इतकी सोयीची की सुटे पत्रे कुठेही नेऊन हवी तेवढी टाकी उभारता येई. प्रत्येक पत्र्यावर दाबाची फुगीर नक्षी असते. पुठ्ठ्याच्या एका चौकोनावर ती कोरून साचा करायचा आणि फॉइल दाबत राहायचं. टाकीखालच्या लोखंडी पायांना पातळ पट्ट्या, शिडीला टाचण्या, आणि इंजिनाला पाणी देणाऱ्या खांबासाठी संपलेलं रिफील. तीन मिलिमीटर जाडीचं रिफील मॉडेलमध्ये दहा इंची नळ होतो. त्याच्या तोंडाला कापडी सोंड असे. काळ्या धाग्याला फेव्हिकॉल लावून ती वळवता येते. खांबाच्या बुडाशी जमीन ओली दाखवायला विसरू नये. पाणी भरताना निम्मं सांडणारच.

केबिनच्या बाबतीत एक चूक जवळजवळ सगळे करतात. केबिन सुंदर होते, वर काचा, आत खटक्यांची रांग: थांब्याच्या सिग्नलांचे लाल, सांध्यांचे काळे, कुलपांचे निळे, मोकळे पांढरे. आणि खाली काहीच नाही. केबिनच्या पायथ्याशी भिंतीत एक लांबट भोक असतं. त्यातून सांध्यांकडे जाणाऱ्या लोखंडी सळ्या आणि सिग्नलांच्या तारा बाहेर पडतात, कप्प्यांवरून सरकत रुळांच्या कडेने जातात. त्या नसल्या तर वरचा केबिनमन नुसता हवा खात बसलाय. सळ्यांसाठी सूत चालतं, आणि बऱ्हाणपुरात सुताचा दुष्काळ कधी पडला? सूत मेणातून ओढून घ्यायचं, म्हणजे तंतू उभे राहत नाहीत.

सांधा आणि सिग्नल यांचं नातं ज्याला नीट समजून घ्यायचं असेल त्याने रेल्वेच्या प्रशिक्षण संस्थांमधल्या मॉडेल रूमबद्दल जाणून घ्यावं. उदयपूरच्या संस्थेत अशी मोठी खोली आहे, जिथे भावी स्टेशनमास्तर छोट्या गाड्यांवर नियम शिकतात. चूक केली तर डबा घसरतो, माणूस मरत नाही. इंग्लंडमध्ये लँकेशर अँड यॉर्कशर रेल्वेने मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्टेशनात असंच मॉडेल 1912 मध्ये बसवलं, आणि ते विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सिग्नलवाल्यांना शिकवत होतं. त्यांना खेळणं म्हणायचं धाडस कुणी करू नये.

इमारती झाल्या की त्यांना मळवायचं. या कलेचा बादशहा कॅलिफोर्नियातला जॉन ॲलन. त्याच्या आधी बहुतेक मॉडेलं नुकती रंगवल्यासारखी असत. त्याने छपरं गंजवली, भिंतींवर ओघळ आणले, फळ्या सडवल्या. 1973 च्या जानेवारीत तो गेला आणि पुढच्या काही दिवसांतच त्याची बहुतेक निर्मिती आगीत जळाली. मागे राहिली ती मुख्यतः त्याने काढलेली छायाचित्रं. एवढ्या गंभीर कारागिराने शंटिंगला इंजिनाऐवजी एक डायनासोर ठेवला होता, नाव एमा. वास्तवाचं वेड असणाऱ्याला थोडा वात्रटपणा शोभून दिसतो.

ॲलनच्या युक्त्या इथे मात्र जशाच्या तशा चालत नाहीत, कारण आपली घाण वेगळी. खांबाच्या बुडाशी गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पानाच्या पिचकाऱ्या, त्याही कोपऱ्यात जास्त. भिंतीच्या खालच्या हातभर भागावर गेरूचा पट्टा, वर चुना, चुन्यावर पावसाचे ओघळ. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे कंकणासारखे पट्टे. फुलझाडांच्या वाफ्याभोवती चुन्यात बुडवलेले दगड. वाळूच्या लाल बादल्या ओळीने टांगलेल्या, त्यातल्या एकीत विड्यांची थोटकं. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, मॉडेलमध्ये साडेतीन मिलिमीटर. रंग सरळ डबीतून लावू नये. शाईचे थेंब स्पिरिटमध्ये घालून ते मिश्रण भिंतीवरून सोडायचं, सांध्यांत ते आपोआप थांबतं. वरून खडूची भुकटी.

खडीसाठी नदीची वाळू. खरी खडी 50 मिलिमीटरची, मॉडेलमध्ये अर्धा मिलिमीटर आणि थोडं वर, म्हणजे चहाच्या गाळणीतून पडेल ती. चहाचा चोथा वाळवून माती करतात, पण तो पुरता वाळलेला हवा. नाहीतर श्रावणात आख्ख्या यार्डाला बुरशी येते. पावसाळा हा पुठ्ठ्याच्या इमारतींचा शत्रू आहेच. भिंती धनुष्यासारख्या वाकतात. त्यासाठी जोडकामाआधीच दोन्ही अंगांना लाखेचं पातळ पॉलिश द्यावं. एकाच बाजूला दिलं तर वाकणं थांबण्याऐवजी वाढतं. खालची फळी वॉटरप्रूफ प्लायची, वाळवी काही कलेची कदर करत नाही.

सगळ्यात शेवटी इमारत जागेवर बसवायची, आणि तिथे पुष्कळांचं महिन्यांचं काम पाच मिनिटांत उघडं पडतं. भिंत जमिनीवर नुसती टेकवली की खाली केसभर फट राहते. आत दिवा लावला की त्या फटीतून उजेडाची रेघ येते आणि इमारत तरंगू लागते. म्हणून जमिनीत तिच्या आकाराची खाच ठेवायची, इमारत दोन मिलिमीटर आत रुतवायची, आणि कडेने माती-गवत ओढून घ्यायचं. चिकटवायची नाही. तिच्याखालून एक ना एक दिवस सांध्याची तार तुटणार, आणि तेव्हा ती उचलता आली पाहिजे.

यार्डात माल हवाच. रावेर-सावदा पट्ट्यातून दिल्लीच्या बाजारासाठी केळी रेल्वेने जात आली आहेत, त्यामुळे धक्क्यावर हिरव्या घडांचा ढीग शोभतो. मोहरीचे दाणे हिरवे रंगवून कुणी घड करतं, कुणी बारीक कापलेल्या दोऱ्याचे.

आणि फलाटावर एक सपातावाला बसवायचा. 25 सेंटिमीटरची सपात 1:87 मध्ये तीन मिलिमीटरपेक्षाही लहान होते. लाल कागदाच्या दोन कातरणी, एका तुकड्यावर ओळीने मांडलेल्या. प्रश्न मोत्यांचा. पाच मिलिमीटरचा मोती प्रमाणात 0.06 मिलिमीटरचा येतो, केसाच्या जाडीएवढा. शिवणकामाच्या सर्वांत बारीक सुईचं टोक पांढऱ्या रंगात बुडवायचं, आधी नखावर टेकवून जादा रंग काढायचा, श्वास धरायचा आणि सपातेवर एकदाच टेकवायचं. ठिपका तरीही मोठाच पडतो. पासपार्तूने घेतलेले मोती नकली होते, त्यामुळे तेवढं चालून जातं.